दहाव्या हुकाची किल्ली

मी पुण्यातून निघाले त्या दुपारी तुम्ही दोघं एरंडवण्याच्या आपल्या फ्लॅटबाहेर जिन्यावर बसला होतात. ईरा दहा वर्षांची, निषाद सात. खाली टॅक्सीत सामान चढत होतं आणि मी तुमच्या आईच्या हातात किल्ल्यांचा जुडगा देत होते. प्रत्येक किल्लीला पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला, त्यावर माझ्या अक्षरात नाव: मुख्य दार, जाळीचं दार, लोखंडी कपाट, माळा, मीटरची पेटी. मेधा म्हणाली, "आई, मी याच घरात वाढलेय. मला पाठ आहेत सगळ्या." मी म्हटलं, "पाठ असणं वेगळं आणि लिहिलेलं असणं वेगळं." माझे वडील म्हणायचे, अंधारात हात घातला तरी वस्तू सापडली पाहिजे. मी आयुष्यभर घर तसंच ठेवलं.

निषाद, तू विचारलंस, "आजी, तिकडे किती दिवस राहणार?" मला एका पुठ्ठ्याची गाठ सैल वाटली, ती पुन्हा बांधली.

तुम्हाला सांगितलं होतं की समीरमामाला न्यूझीलंडमध्ये घरचं जेवण मिळत नाही, म्हणून आजी जातेय. ते खरं नव्हतं. तुमचा मामा माझ्यापेक्षा चांगली आमटी करतो. आता ईरा अकरावीत आहे, निषादच्या वरच्या ओठावर मिशी दिसते आहे असं व्हिडिओ कॉलवर वाटलं, तेव्हा खरं कारण लिहायला हरकत नाही.

मी निघाले त्याच्या आदल्या वर्षी क्राइस्टचर्चला भूकंप झाला. त्या वेळी मामा ऑफिसच्या जिन्यात होता. त्याला ओरखडासुद्धा आला नाही. फोनवर म्हणाला, "ऑल गुड, आई." पण पुढच्या महिन्यात कॉम्प्युटरवर तो दिसला तेव्हा चहाचा कप दोन्ही हातांनी धरून पीत होता. मागे त्याच्या खोलीचं दार उघडं होतं, त्यामागचं उघडं होतं, त्याच्याही मागचं. पलंगाशेजारी बूट, नाड्या सैल करून ठेवलेले. थोड्याच दिवसांत त्याने क्राइस्टचर्चच्या रिकार्टन भागातलं घर सोडलं. तिथे आपल्या लोकांची दुकानं होती, पुण्याचे मित्र होते, गणपतीला आरती व्हायची. ते सगळं सोडून तो दक्षिणेला, वायमाटेजवळच्या एका दुधाच्या पावडरीच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून गेला. टेकड्या, मेंढ्या आणि एक रस्ता. माणूस आपण होऊन आपल्या लोकांपासून लांब जातो तेव्हा त्याला काहीतरी लपवायचं असतं, असं माझं मत होतं.

हे मत शाळेने बनवलेलं. एकोणीस वर्षं मी मुख्याध्यापिका होते, आणि शेवटच्या बाकावर एकटा जाऊन बसणारा मुलगा बहुधा काहीतरी लपवत असे. 'आमच्या माहितीप्रमाणे विद्यार्थ्याची वर्तणूक चांगली आहे' या इंग्रजी वाक्याखाली मी हजारभर सह्या केल्या असतील, आणि त्यातल्या निम्म्या मुलांचा चेहराही मला आठवत नसे. चारित्र्याचे दाखले कसे तयार होतात ते मला चांगलं माहीत आहे. माझाही झाला होता. व्हिसासाठी पोलिसांचा दाखला लागला तेव्हा चौकीतला शिपाई खालच्या मजल्यावरच्या काकूंना विचारून गेला, "बाई कशा आहेत?" काकू म्हणाल्या, "शिस्तीच्या आहेत." तेवढ्यावर मी सज्जन ठरले.

इथे आले तेव्हा मामाच्या घरात किल्ल्या कुठेही पडलेल्या असत. फळांच्या भांड्यात, गाडीत, एक तर चक्क साखरेच्या डब्याशेजारी. पहिल्याच आठवड्यात मी फ्रिजच्या वर लाकडी फळी लावून घेतली. दहा हुक, नऊ किल्ल्या. लेबलं इंग्रजीत, ठळक, म्हणजे प्लंबर आला तरी त्याला कळावं. दहावा हुक मोकळा ठेवला. घरात एखादी किल्ली नेहमी नंतर सापडते.

दोन वर्षं ठीक गेली. मामाने दारं बंद करायला सुरुवात केली, आधी बाथरूमचं, मग खोलीचं. बूट दाराबाहेर गेले. मी फाइलमध्ये तारखा लिहून ठेवत होते. हसू नका, कुणीतरी लिहायला हवं होतं.

तिसऱ्या वर्षी शनिवार बिघडले. उजाडायच्या आत मामा गाडी घेऊन जाऊ लागला आणि दहापर्यंत परत येऊ लागला. विचारलं तर म्हणे, "शर्लीकडे जरा मदत." शर्ली म्हणजे आमच्या मागच्या टेकडीची मालकीण, मेंढ्या पाळणारी, माझ्याच वयाची विधवा. मदत कसली ते तो सांगत नसे. आल्या आल्या स्वतःचे कपडे स्वतः मशीनमध्ये टाकत असे. चाळिशीला आला तरी ज्या मुलाने कधी टॉवेलची घडी केली नाही, तो शनिवारी सकाळी कपडे धुतो! मोज्यांना कुसळं असत. एकदा मशीनच्या रबराच्या घडीत मला पितळेची एक नळी सापडली, करंगळीपेक्षा लहान, एका बाजूने उघडी. मी ती छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि वर तारीख लिहिली.

मग फ्रीझरमध्ये वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पुड्या दिसू लागल्या.

"हे काय?"

"हरणाचं मटण. शर्लीने दिलंय."

"तिने का दिलं?"

"आई, शेजारी देतात. आपण नाही का चिवडा देत?"

मी फ्रीझरचे दोन भाग केले. वर 'भाज्या, मटार, खोबरं', खाली 'समीर'. खालच्या भागाला मी हात लावत नसे, पण पुड्या मोजत असे. त्या वाढत होत्या.

मग गॅरेजच्या भिंतीला एक स्टीलचं उभं कपाट आलं. माणूस येऊन ड्रिलने चार बोल्ट ठोकून गेला. "कशासाठी?" म्हटलं. "टूल्ससाठी," तुमचा मामा म्हणाला आणि कानाची पाळी ओढली. तो पाच वर्षांचा असल्यापासून खोटं बोलताना कानाची पाळी ओढतो. आणि टूल्स तर समोरच, फळीवर, वर्षानुवर्षं पडलेली होती.

त्या रविवारी मामा बाहेर गेल्यावर मी त्याचा मोज्यांचा खण लावायला घेतला. लावायला घेतला असं तेव्हा स्वतःलाही सांगितलं. मागे जुन्या स्क्रूंचा डबा होता, त्यात स्क्रूंच्या खाली एक नवी किल्ली. मी ती घेऊन गॅरेजमध्ये गेले. कपाट सहज उघडलं. आत काही नव्हतं. एक चिंधीसुद्धा नाही. काहीतरी सापडलं असतं तर मला इतकी भीती वाटली नसती. रिकाम्या कपाटाला कुलूप कोण लावतं?

सोमवारी जेवताना तो म्हणाला, "आई, गुरुवारी बॅरी म्हणून एकजण येतील. पोलिसांकडून."

मी हातातली पोळी परत डब्यात ठेवली.

"घाबरू नकोस. मी बंदुकीच्या लायसन्ससाठी अर्ज केलाय. इथे ते घरी येऊन बघतात आणि घरातल्या माणसाला प्रश्न विचारतात. म्हणजे तुला."

"तुला बंदूक कशाला हवी?"

"वॉलबी मारायला."

तुम्ही वॉलबी चित्रात पाहिली असेल. कांगारूची लहान बहीण म्हणा, पोटाला पिशवी असलेली. फार पूर्वी कुणीतरी ऑस्ट्रेलियातून हौसेने आणून इथल्या टेकड्यांवर सोडल्या. त्या इतक्या झाल्या की मेंढ्यांचं गवत खातात, नवी लावलेली झाडं कुरतडतात. शेतकरी त्या मारतात आणि सरकारलाही त्या मारलेल्याच हव्या असतात. शर्लीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, तिला चढण जमत नव्हती. लायसन्स असलेला माणूस शेजारी उभा असेल तर दुसऱ्याला बंदूक चालवता येते, म्हणून इतके शनिवार मामा तिच्या देखरेखीखाली तिची रायफल चालवत होता. पितळेच्या नळीचा, म्हणजे रिकाम्या काडतुसाचा, उलगडा झाला.

ईरा, तू मागे फोनवर म्हणालीस, "आजी, म्हणजे वॉलबी पण तुझ्यासारख्याच बाहेरून आलेल्या!" मामाही एकदा तेच म्हणाला होता. मला ही तुलना पसंत नाही. मला कुणी खोक्यात घालून आणलं नाही. मी बावीस पानांचा फॉर्म भरून आले.

मला वॉलबीची काळजी नव्हती. मला तुमच्या मामाची होती. एकटा राहणारा, कमी बोलणारा माणूस, ज्याचे हात तीन वर्षांपूर्वी कप धरू शकत नव्हते, तो घरात बंदूक आणणार. कशासाठी, हे तो सांगत होता त्यापेक्षा वेगळं असू शकतं, आणि ते वेगळं काय याचा विचार मी दिवसा केला तरी उठून गॅरेजचं दार बंद आहे ना ते बघून येत असे. तुमच्या आईला फोन करून सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही. बोलून टाकलं असतं तर ते खरं झालं असतं, असं काहीसं वाटलं.

गुरुवारी बॅरी आले. साठीचे, गोल चेहऱ्याचे, स्वेटर घातलेले. पोलिसांकडून आलेला माणूस दारात बूट काढतो, "किया ओरा, मी बॅरी" म्हणतो, आणि मी केलेले शंकरपाळे मागून घेतो, याचाच मला आधी संशय आला. त्यांनी मामाला बरंच विचारलं, गॅरेजमधले बोल्ट हलवून पाहिले, समाधानाने मान हलवली. मग स्वयंपाकघरात येऊन चहा घेत म्हणाले, "कपाट मस्त आहे, समीर. किल्ली कुठे असते हे कुणाकुणाला माहीत आहे?"

"फक्त मला."

"मला दाखवायची नाही, पण एकदा जाऊन बघून ये, जागेवर आहे ना."

मामा त्याच्या खोलीत गेला. आतून स्क्रू जमिनीवर ओतल्याचा आवाज आला. बॅरींनी चहाचा घोट घेतला, मान वर केली आणि फ्रिजवरची फळी वाचायला लागले. पुढचं दार. मागचं दार. लेटरबॉक्स. शेड. मी त्यांच्या नजरेबरोबर सरकत होते. दहाव्या हुकाशी ते थांबले.

"स्टीलचं कपाट, गॅरेज," त्यांनी मोठ्याने वाचलं. मग हळूच म्हणाले, "फार सुंदर अक्षर आहे हो तुमचं."

मामा दारात उभा होता. त्याने फळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

बॅरी रागावले नाहीत. जिथे ज्याच्या त्याच्या हाताला किल्ली लागते तिथे लायसन्स देता येत नाही, एवढं म्हणाले. महिन्याने पुन्हा येईन, तुमच्याशी तेव्हाच बोलेन, असं मला सांगितलं. मी त्यांना पोचवायला लेटरबॉक्सपर्यंत गेले. तिथे त्यांनी विचारलं, "मला आत्ता, इथेच, काही सांगायचंय का तुम्हाला?"

मी म्हटलं, "आज नाही."

घरात आल्यावर मामाने एकच प्रश्न विचारला. "आई, तू मुद्दाम केलंस?"

"मी घरातल्या सगळ्याच किल्ल्यांना लेबल लावते."

"हो," तो म्हणाला. "माहितेय मला."

त्यानंतर त्याने आवाज चढवला नाही की अबोला धरला नाही. त्याने थँक्यू म्हणायला सुरुवात केली. पोळी वाढली, "थँक्यू, आई." पाण्याचा ग्लास ठेवला, "थँक्यू, आई." इथे डेअरीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, दूध घेतलं तरी दोन्हीकडून तीनदा थँक्यू होतं, त्याचं मला काही नाही. पण आपल्या घरात मुलगा आईला प्रत्येक पोळीला थँक्यू म्हणतो तेव्हा त्याने तिला पाहुणी करून टाकलेली असते. दोन आठवडे मी पाहुणी होते. परत जायचं तिकीट बघावं का, असं एकदा मनात आलं. नंतर दुसऱ्यांदाही आलं.

तिसऱ्या आठवड्यात शर्ली दारात उभी. काठी टेकत, गमबूट घालून.

"सू," ती म्हणाली. माझं सुमती हे नाव तिला जमत नाही. "उद्या सकाळी तू माझ्याबरोबर वर यायचंस."

"कशाला?"

"कारण मी तुझ्या पोराला दारूडा करतेय की खुनी, हे तुझं अजून ठरत नाहीये. बघून ठरव."

"दारूचा मला कधीच संशय नव्हता," मी म्हटलं.

ती इतकी हसली की तिला काठी सावरावी लागली. "गुड ऑन यू! सातला. काहीतरी गरम घाल, आणि त्या जांडल्स घालून येऊ नकोस." ती माझ्या स्लिपरांकडे बघत होती.

एप्रिल होता, म्हणजे इथला शरद. सलवार-कमीजवर मामाचं जाडं जाकीट, पायात शर्लीचे जुने गमबूट, एक नंबर मोठे. तिच्या यूटमध्ये, म्हणजे मागे उघडा हौदा असलेल्या गाडीत, आम्ही तिघं पुढेच बसलो, मी मध्ये. मामा खिडकीबाहेर बघत होता. वर पोचलो तेव्हा समोरच्या उतारावर ऊन यायला लागलं होतं. पिवळं गवत, काटेरी झुडपांचे पुंजके, खाली ओढा. शर्लीने मला एका खडकावर बसवलं, कानांवर आवाज अडवणारे मफ दिले आणि दुर्बीण हातात ठेवली. "वॉलबी बघायची नाहीये तुला," ती म्हणाली. "त्याला बघ."

मी त्याला पाहिलं. तुमचा मामा गवतावर पालथा झोपला होता. शर्ली त्याच्या शेजारी, दुखरा गुडघा लांब करून. त्याचे हात मी दुर्बिणीतून पाहिले, अगदी जवळून. ते हलत नव्हते.

बराच वेळ काही झालं नाही. मग कड्याच्या माथ्यावर एक वॉलबी येऊन उभी राहिली, पुढचे पंजे छातीशी धरून, कान वळवत, मागे फक्त आकाश. इतकी स्पष्ट की मलाही नुसत्या डोळ्यांनी दिसली. दोघांचं बोलणं ऐकायला मी एका कानावरचा मफ सरकवला.

"ती बघ," शर्ली म्हणाली. "घे."

"नाही."

"अरे, समोर उभी आहे!"

"मागे आकाश आहे, शर्ली. गोळी कुठे जाईल माहीत नाही."

"पलीकडे माझंच रान आहे. कुणी नाहीये तिकडे."

"तुला माहितेय. मला माहीत नाही."

त्याने बोट बाजूला घेतलं. वॉलबी आणखी थोडी उभी राहिली आणि उडी मारून पलीकडे गेली. शर्ली पुटपुटली, "बरोबर आहे तुझं, हट्टी माणसा." पण ते त्याला ऐकवण्यासाठी नव्हतं. ती मान वळवून माझ्याकडे बघत होती. मी आजवर ज्या मुलांच्या चांगल्या वर्तणुकीवर सही केली, त्यातल्या एकालाही मी असं बघितलेलं नव्हतं.

अर्ध्या तासाने त्याने एक मारली, ओढ्याच्या काठावर, मागे मातीचा उंच उतार होता तिथे. आवाज पुन्हा लावलेल्या मफमधूनही छातीत लागला. तो उठला, रायफल रिकामी केली, शर्लीच्या हातात दिली आणि खाली उतरला. मी पाठोपाठ गेले. मला कुणी चल म्हटलं नव्हतं. गमबूट घसरत होते.

मादी होती. मामा तिच्याशी वाकला होता, पाठ माझ्याकडे. त्याने तिच्या पोटाच्या पिशवीत हात घातला. मग त्याचे खांदे एकदाच, झटक्याने हलले. काही तरी छोटं, बिनकेसांचं त्याने गवतात ठेवलं आणि वर एक सपाट दगड ठेवला.

ओढ्यात हात धुताना त्याला मी दिसले.

"आई, विचारू नकोस," तो म्हणाला. पाणी फार गार असणार, त्याची बोटं लाल झाली होती. मग तो उभा राहिला. "नाही. विचार."

"पिल्लू होतं?"

"हो."

"जगलं नसतं?"

"नाही. आणि जगवायची परवानगीही नाही. दर वेळी आधी पिशवी बघायची. असलं तर लगेच करायचं. शर्लीने पहिल्या दिवशी हेच शिकवलं, नेम नंतर."

"तुला काय होतं?"

त्याने थोडा विचार केला. हात कानाकडे गेला नाही, मी बघत होते. "वाईट वाटतं," तो म्हणाला. "घरी येईपर्यंत वाटतं. म्हणून कपडे धुतो. तुला वास येईल म्हणून नाही."

"मग करतोस कशाला?"

"इथे वर आलो की मला सगळं नीट दिसतं, आई. कुठे काय आहे, मागे काय आहे, माझ्या हातात काय आहे. त्या जिन्यात मला काही दिसलं नव्हतं. नुसती धूळ."

मला हे आवडलं असं मी लिहिणार नाही. मी मांस खात नाही, आणि त्या दगडाकडे मी पुन्हा पाहिलं नाही. पण तीन वर्षांत पहिल्यांदा तो जिन्याबद्दल बोलला होता. येताना यूटमध्ये मी थर्मासमधला चहा ओतून त्याला दिला. त्याने एका हाताने घेतला आणि थँक्यू म्हणाला नाही.

बॅरी पुन्हा आले तेव्हा फळीवरचा दहावा हुक रिकामा होता. किल्ली मामाने त्यांच्या पहिल्या भेटीच्याच दिवशी काढून नेली होती. या वेळी मामाला त्यांनी बाहेर पाठवलं. तो लॉन कापत बसला आणि आम्ही टेबलाशी.

"किती वर्षं ओळखता त्याला?"

"एकेचाळीस."

"रागावला की काय करतो?"

"थँक्यू म्हणतो."

ते हसले. मी हसले नाही, समजावून सांगितलं. मग त्यांनी हसणं थांबवून ते लिहून घेतलं.

त्यानंतर त्यांनी विचारलं, त्याचं मन कधी फार खचलं होतं का. हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं, आणि उत्तर मी आदल्या दिवशी ठरवलं होतं. मी फाइल आणली. कप, बूट, दारं, झोप, रिकार्टन सोडलं तो महिना, सगळं तारखांसकट वाचून दाखवलं. आपल्या मुलाविरुद्ध कागद वाचताना आवाज कसा येतो ते मला माहीत नव्हतं. कोरडा येतो.

बॅरींनी पेन खाली ठेवलं. "हे मी तुम्हाला सांगायला नको खरं तर," ते म्हणाले. "पण यातलं मला नवीन काहीच नाही. हे सगळं त्याने पहिल्याच भेटीत सांगितलंय, क्राइस्टचर्चला कुणाकडे उपचार घेतले तेसुद्धा. आणि वर म्हणाला, मला थांबवायची वेळ आलीय का ते माझ्या आईला कळेल. तिला एकटीला विचारा."

बाहेर लॉनमोअरचा आवाज चालू होता. जाताना, येताना. पट्टे सरळ येतात की नाही हे मी खिडकीतून उगाच बघत बसले.

"तर विचारतो," बॅरी म्हणाले. "त्याच्याकडे बंदूक असलेली चालेल तुम्हाला?"

"हो," मी म्हटलं. "पण उद्या माझं मत बदललं तर फोन कुणाला करायचा?"

त्यांनी नंबर लिहून दिला. तो फाइलमध्ये आहे. मामाला लायसन्स मिळून वर्षं झाली, मी तो नंबर आजवर लावलेला नाही, आणि फाडूनही टाकलेला नाही.

"शेवटचा प्रश्न. कपाटाची किल्ली कुठे असते?"

"मला माहीत नाही."

आयुष्यात पहिल्यांदा मी आपल्या घरातल्या किल्लीबद्दल हे वाक्य बोलले, आणि ते खरं होतं.

एक गोष्ट राहिली आहे. त्या दिवशी मामाने विचारलं होतं, तू मुद्दाम केलंस का. मी सगळ्या किल्ल्यांना लेबल लावते, हे उत्तर खरं होतं, पण ते त्या प्रश्नाचं नव्हतं. किल्ली मला रविवारी सापडली. फळीवर मी ती बुधवारी लावली. मधले तीन दिवस ती माझ्या रुमालाच्या गाठीत होती. बॅरी गुरुवारी येणार हे मला सोमवारीच कळलं होतं, आणि त्या हुकाच्या बरोबर समोर पाहुण्यांची खुर्ची येते हेही माहीत होतं. कान ओढायची सवय मला नाही, म्हणून कुणाला दिसलं नाही. हे मी मामाला अजून सांगितलेलं नाही. हे पत्र तुम्हाला पाठवण्याआधी त्याला वाचायला देणार आहे.

आता २०१८ आहे. तुमच्या आईने गेल्या वर्षी एरंडवण्याच्या फ्लॅटची सगळी कुलुपं बदलली, भाडेकरू येणार म्हणून. माझे पुठ्ठे तिने जपून ठेवलेत म्हणे, पण त्यांच्या किल्ल्या आता कशालाच लागत नाहीत. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. वाटलं, पण थोडं.

निषाद, जिन्यावरचा तुझा प्रश्न मी सहा वर्षं बांधून ठेवला होता. मी इथेच राहणार आहे. पुण्याच्या घरात मी अजून अंधारातही चालू शकेन, प्रत्येक वस्तू हाताला लागेल. इथलं घर तसं नाही. इथे शनिवारी उजाडताना यूटचा आवाज येतो, दहाला मामा परत येतो आणि मी उपमा टाकते. मधल्या वेळात मी घर झाडते, पुसते. त्याच्या खोलीतलं कपाट पुसते, शेल्फ पुसते, वरचे दोन खण ओढून लावते. तिसरा मोज्यांचा. त्याला मी हात लावत नाही, आणि किल्ली तिथे असेल की आणखी कुठे, याचा विचारही करत नाही.

धूळ साचली असेल तिथे. असू दे.